‘चमचा’ म्हणजे नेमका किती?

महोदय,

वजन कमी करायला आलेल्यांना दवाखान्यात आहाराचा छापील कागद मिळतो. त्यावर ‘दिवसाला ४ चमचे तेल’ असे असते. लिहिणाऱ्याच्या मनात चहाचा, ५ मिलीचा चमचा असतो; म्हणजे २० मिली, साधारण १६५ कॅलरी. घरात मात्र तेलाच्या भांड्यात पळी. ती १५ मिलीची धरली तरी चार पळ्यांचे ६० मिली, जवळपास ५०० कॅलरी. अर्धा तास भरभर चालून जळतात सव्वाशे-दीडशे. महिन्याने काटा जागचा हलत नाही आणि शिक्का बसतो, ‘पथ्य पाळत नाही’!

त्यापेक्षा महिन्याच्या पिशव्या मोजणे सोपे. चौघांच्या घरात ४ लिटर संपत असेल तर माणशी रोज ३३ मिली पडते. ते ३ लिटरवर आणायचे तर सकाळीच १०० मिली तेल वाटीत काढावे. फोडणी, पोळ्या, थालीपीठ, सगळे त्यातच. तळणाच्या दिवशी कढईत उरलेले तेल मोजून वजा करावे, नाहीतर हिशोब फसतो. ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ वाचून सढळ हाताने ओतणारेही खूप. वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतेच, कॅलरी मात्र कुठल्याही तेलात ग्रॅममागे ९.

पाकिटांवरचे आकडे आणखी चकवतात. फरसाणाच्या १५० ग्रॅमच्या पाकिटावर १०० ग्रॅमला ५५० कॅलरी लिहिलेल्या असतात, पण टक्केवारी असते एका वाढपाची. वाढप ३० ग्रॅमचे असेल तर दिवसाच्या २००० कॅलरींपैकी ८ टक्के दिसतात. पाकीट संपवणाऱ्याच्या पोटात गेलेले असतात ४१. शिवाय हा मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असला की नियमाला पुरतो, मराठीची सक्ती नाही. साखरही ‘लिक्विड ग्लुकोज’, ‘इन्व्हर्ट सिरप’ अशा नावांनी बसलेली असते. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात, तेव्हा निदान पहिली तीन नावे तरी वाचावीत.

‘समजलं ना?’ विचारले की सगळेच मान डोलावतात. त्याऐवजी टेबलावर चमचा, पळी आणि पाण्याचा पेला ठेवून ‘भाजीला किती तेल घालता, दाखवा’ म्हणावे. चूक तिथेच दिसते. तपासणीत दोन मिनिटे जास्त जातील. आणि आहाराच्या कागदावर ‘चमचा’ शब्दापुढे मिलीचा आकडा छापायला तर काहीच खर्च नाही.

– एक आहारतज्ज्ञ, सातारा