आई-बाबा, गुरुवारी गाडी न्यायला येतील

पुणे, रविवार रात्र

ती. आई आणि ती. बाबा यांना सा. न. वि. वि.

रोज रात्री फोनवर बोलतो तर पत्र कशाला, असं आई विचारेल. फोनवर मी तीनदा विषय काढला आणि तिन्ही वेळा बाबांनी "गाडी मस्त आहे गं" म्हणून तो आईच्या गुडघ्यांकडे वळवला. म्हणून लिहायला बसले. सरळच सांगते. मी गाडी विकायचं ठरवलंय. गिऱ्हाईक मिळालंय, टोकन घेतलंय, गुरुवारी सकाळी दहाला ते गाडी न्यायला येतील. गाडी बाबांच्या नावावर आहे, त्यांच्या सहीशिवाय ती फाटकाबाहेर जाणार नाही, हे मला कळतं. तरी आधी ठरवलं आणि मग सांगते आहे. आधी विचारलं असतं तर बाबा हो म्हणाले नसते, आणि पावसाळा लागायच्या आत हे व्हायलाच हवं होतं. रागावा, पण पत्र पूर्ण वाचा. आई, तू मोठ्यानं वाच, म्हणजे बाबा मध्येच उठून झाडांना पाणी घालायला जाणार नाहीत.

ही गाडी माझ्या हट्टानं घरात आली. २०२० चा दसरा. बाबांना लहान पेट्रोल गाडी हवी होती. "आम्हा दोघांना एवढा हत्ती कशाला" हे त्यांचं वाक्य अजून माझ्या कानात आहे. मी इथून हिशेब मांडत होते. बडोद्याहून महिन्यातून एकदा गरुडेश्वर, मधूनमधून नारेश्वर आणि डाकोर, वर्षातून दोनदा पुणं. एवढं फिरणं म्हणजे डिझेलच परवडेल, उंच गाडीत खड्डे कळणार नाहीत, एअरबॅग आहेत, मला रात्री झोप लागेल. सोळा लाखांतले सहा मी दिले आणि उरलेल्यांसाठी बाबांनी एफडी मोडली. डिझेलच घ्या, हे मी सांगितलं होतं. त्यातली एक गोष्ट मला तेव्हा ठाऊक नव्हती आणि शोरूममध्येही कुणी सांगितली नाही.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, म्हणजे गाड्यांच्या धुराचा नवा, कडक सरकारी नियम. त्यानंतरच्या डिझेल गाड्यांत धूर बाहेर पडायच्या वाटेवर एक जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. धुरातली काजळी ती अडवते आणि मग गाडी स्वतःच ती काजळी जाळून टाकते. आई, दांडिया बाजारच्या घरातला तांब्याचा बंब आठव. रसरसून पेटला की नळी मोकळी राहायची, आणि चार चिपाडं घालून लगेच विझवला की काजळी धरायची. हे तसंच आहे. काजळी जळायला ती जाळी सहाशे अंशांच्या आसपास तापावी लागते. त्यासाठी गाडी मोकळ्या रस्त्यावर, साठ-सत्तरच्या वेगानं, सलग पंधरा-वीस मिनिटं पळायला हवी. पहिली अडीच वर्षं ती डभोई-तिलकवाड्याच्या रस्त्यावर अशी पळत होती आणि आपल्याला कसलाही त्रास झाला नाही. मग मार्च २०२३ मध्ये बाबांना दोन स्टेंट घातले, आणि कारेलीबाग ते खंडेराव मार्केट, कारेलीबाग ते आत्याचं घर, कारेलीबाग ते डॉक्टर, एवढंच तिचं जग उरलं. चार किलोमीटर जायचं, चार यायचं. इंजिन नीट तापायच्या आत घर येतं.

बाबा, त्या वर्षीच्या श्रावणात तुम्ही मला फोन केला होता. "चिमे, इंजिनातलं तेल वाढतंय." मी ऑफिसातून निघत होते. मी म्हणाले, "बाबा, नव्या गाडीत असं नसतं. त्यांनी सर्व्हिसिंगला जास्त ओतलं असेल." तुम्ही फक्त "असेल" म्हणालात आणि फोन ठेवलात. कलाभवनच्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं पोरांना कानस कशी धरायची ते शिकवलेल्या माणसाला मी यंत्रातलं सांगत होते. या गोष्टीचं मला अजून फार वाईट वाटतं.

मग मागच्या वर्षी दिवाळीत मी आले तेव्हा तुम्ही सकाळी, गाडी थंड असताना, मला हाताला धरून बॉनेटपाशी नेलंत. जुन्या धोतराचा पांढरा तुकडा घेतलात, डिपस्टिक काढून पुसलीत, परत घातलीत, पुन्हा काढलीत. तेल वरच्या खुणेच्या चांगलं बोटभर वर होतं. तो तुकडा माझ्या नाकाशी धरलात. घासलेटसारखा वास. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. जाळी तापवण्यासाठी गाडी जास्तीचं डिझेल सोडते, आणि काजळी जळायच्या आत आपण घरी पोचून इंजिन बंद केलं की ते न जळलेलं डिझेल झिरपत तेलात उतरतं. तेल वाढतं आणि पातळ होतं. पातळ तेलावर इंजिन झिजतं. तुम्ही श्रावणात सांगितलं ते हेच होतं, शब्दाशब्दानं.

त्याच दिवशी आपण दोघं एक्सप्रेसवेला गेलो होतो, आठवतं? डॅशबोर्डवरचा, जाळी तुंबल्याचा पिवळा दिवा चार दिवस लागलेला होता. आणंदचा फाटा यायच्या आधीच तो विझला. मी केवढ्यानं ओरडले! बघितलं तर तुम्हाला झोप लागली होती. घड्याळ मनगटावर सैल होऊन खाली घसरलं होतं. येताना मी फारशी बोलले नाही, कारण मला तेव्हाच दिसलं की या गाडीला जे हवं आहे ते आता तुमच्याकडून मागायचं नाही.

सर्व्हिस सेंटरचं मात्र मला लिहायलाच हवं. दोन वर्षांत सात वेळा गाडी आत गेली. सातही जॉबकार्डांचे, म्हणजे तक्रार आणि काम लिहितात त्या कागदांचे, फोटो मी तारखेनं लावून ठेवलेत. प्रत्येक वेळी तेच: कॉम्प्युटर लावायचा, उभ्या गाडीत जाळी जबरदस्तीनं साफ करायची, बिल द्यायचं. एकदा सेन्सर बदलला, साडेअकरा हजार. पाच वर्षांची वाढीव वॉरंटी घेतलेली असून हे तिच्यात बसत नाही म्हणाले. आणि तेल वाढतंय हे तुम्ही प्रत्येक वेळी तोंडानं सांगितलंत, पण एकाही जॉबकार्डावर ते लिहिलेलं नाही. मे महिन्याच्या उन्हात, एसी असलेल्या खोलीत जागा नव्हती म्हणून तुम्ही पत्र्याखाली दोन तास बसलात, हे मला आईकडून कळलं. आणि तिथल्या मुलानं तुम्हाला म्हणावं, "अंकल, तमे गाडी बहु धीमी चलावो छो"! पन्नास वर्षांत तुमच्या हातून कुणाला साधा ओरखडा गेला नाही. तुम्ही घरी येऊन आईला विचारलंत ना, "माझं चालवणं खरंच बिघडलंय का गं?" आईनं ते मला सांगितलं तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

तरी नंतर सर्व्हिस कशी झाली विचारायला त्यांचा फोन आला की तुम्ही दहापैकी दहा गुण देत राहिलात, कारण कमी दिले तर त्या पोराचा पगार कापतील. तुमच्या या स्वभावापुढे मी हात जोडते. पण मी दहा देऊ शकत नाही. एप्रिलमध्ये गाडीचं जे "फ्री चेक-अप" झालं, तो कॅम्प नव्हता. ती माझी तक्रार होती. कंपनीला सगळी जॉबकार्डं पाठवली, छापील उत्तर आलं, मग १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवलं, तेव्हा कंपनीचा इंजिनिअर आला. त्यानं तेल फुकट बदललं आणि सेन्सरचे पैसे परत करवले. मला फोनवर म्हणाला, "मॅडम, तुमचे वडील पहिल्यापासून बरोबर सांगत होते." हे त्यानं तुमच्यासमोर म्हणायला हवं होतं. म्हणलं नाही, म्हणून मी इथे लिहून ठेवते. तुमच्या चालवण्यात काहीही चूक नाही.

गाडीही वाईट नाही, हेही तितकंच खरं. पाच वर्षांत एकदा बॅटरी आणि एकदा पुढच्या चाकाकडचा कुरकुर आवाज, एवढंच. वाटेत तिनं कधी उभं केलं नाही. आपल्या घरी ती चुकीची आली, आणि ती चूक माझी.

आता जे लिहिते ते आई, तू हळू वाच. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली, त्या रात्री बाबा गाडी उंचावर, उड्डाणपुलावर नेऊन ठेवायला गेले आणि अंधारातून, गुडघाभर पाण्यातून पायी परत आले. दोन स्टेंट घातलेला माणूस, आणि पाण्याबरोबर मगरी रस्त्यांवर येत होत्या. तू फोनवर फक्त "अजून आले नाहीत" एवढंच म्हणत होतीस. त्या चाळीस मिनिटांत मी इथे स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून उभी होते. गाडी वाचली. शेजारच्या तिन्ही बुडाल्या. पण बाबा, तुम्ही सोळा लाखांसाठी गेलात, आणि ते सोळा लाख माझ्या हट्टाचे होते. यंदाच्या पावसात मला ते पुन्हा नको आहे.

घेणारा भरूचला नोकरीला आहे, रोज हायवेनं जाऊन-येऊन करतो. म्हणजे जाळी कधी तुंबायची नाही. तेलाचं, सेन्सरचं, सात जॉबकार्डांचं सगळं मी त्याला सांगितलं, फोटो पाठवले. भाव थोडा कमी आला. तुम्ही असतात तर तुम्हीही लपवलं नसतं.

नवी गाडी बुक केली आहे. लहान, पेट्रोलची, पण उंच बांध्याची, आणि क्लच दाबायचा नाही, त्यामुळे बाबांच्या डाव्या गुडघ्याला आराम. आई, मागच्या आठवड्यात तुला जेवणाच्या खुर्चीची उंची मोजायला लावली ती याचसाठी. इथल्या शोरूममध्ये टेप घेऊन गेले होते. सीट जवळपास तेवढीच आहे. चढायचं नाही, वाकायचं नाही, नुसतं बसायचं आणि पाय आत घ्यायचे. डिकीतलं ते निळं स्टूल आता बाल्कनीत ठेव. खंडेराव मार्केटच्या चार पिशव्या आणि तुझी पाण्याची बाटली आरामात बसते. सीटकव्हर सुतीच सांगितलंय, रेक्झिनला तुझी पाठ भिजते. घेतोय दुसऱ्या डीलरकडून, घरापासून दहा मिनिटांवर. रंग मी ठरवलेला नाही. तो बाबांनी सांगायचा आणि मुहूर्त आईनं बघायचा.

गरुडेश्वर सुटणार नाही. दर महिन्याला गाडी आणि ड्रायव्हर ठरवला आहे, आत्याच्या ओळखीतला, सावकाश चालवणारा. समाधीपाशी हवं तितका वेळ बसा, तो थांबेल. बाबा, तुम्ही पुढे बसा आणि त्याला रस्ता सांगा, पण स्टिअरिंग मागू नका. डॉक्टरांनी लांबचं नको म्हटलंय ते गाडी बदलली तरी नकोच आहे.

मला आज सारखा कलाभवनचा रविवार आठवतोय. मोकळं आवार, आपली सेकंडहँड मारुती ८००, आणि मी अठरा वर्षांची. गाडी सारखी आचके देऊन बंद पडत होती. तुम्ही म्हणालात, "क्लच असा सोड, झोपलेल्या बाळावरचा हात काढतात तसा." पुढच्याच खेपेला गाडी अलगद निघाली. ओजस झाली तेव्हा रात्री तिच्यावरचा हात काढताना मला दर वेळी तो क्लच आठवायचा. नव्या गाडीत क्लच नाही याचं तुम्हाला जरा चुकल्यासारखं वाटेल. मलाही वाटतंय.

आता ऐका, गुरुवारी घाई करायची नाही. पैसे खात्यात जमा झाल्याचा मेसेज मी इथून बघेन, मी फोन केल्याशिवाय किल्ली द्यायची नाही. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करायच्या, पण कोऱ्या फॉर्मवर अजिबात नाही; आधी त्याचं नाव आणि तारीख भरून घ्या. गाडी दिल्याचा कागद दिवस आणि वेळ घालून करा, त्याच्या आधारकार्डाची झेरॉक्स ठेवा. काचेवरचा फास्टॅग काढा, बंद मी करते. विम्याचा नो-क्लेम बोनस, म्हणजे भरपाई न मागितल्याबद्दलची सूट, आपला आहे, तो नव्या गाडीला लावून घेणार आहे, तेव्हा जुनी पॉलिसी त्याला देऊन टाकू नका. स्क्रीनमधले फोन नंबर पुसायला खालच्या मजल्यावरच्या मुलाला बोलवा. कप्प्यातला दत्ताचा फोटो, आईची शाल आणि गॉगल बाहेर काढा. आणि बाबा, ती जिभेखालची गोळीही. ती गाडीत ठेवायचीच नसते, उन्हानं बिघडते. खिशात ठेवा, रोज, घरातही.

नवी गाडी गिअर बदलताना हलकासा हिसका देईल, तो बिघाड नाही. चढावर थांबलात तर ॲक्सिलरेटरवर धरून ठेवू नका, ब्रेक दाबा. आणि पहिल्या सर्व्हिसिंगला एकटं जायचं नाही. गाडी घरून नेतात आणि आणून देतात, मी नोंदवीन. तुम्ही सांगाल ते सगळं जॉबकार्डावर लिहून घेतल्याशिवाय सही करू नका.

तो धोतराचा तुकडा फेकू नका, धुऊन नव्या गाडीत ठेवा. दर रविवारी सकाळी, गाडी थंड असताना तेल बघा आणि मला फोन करून सांगा, कितीवर आहे ते.

तुमची,
चिमी