गाणे मूळ कोणाचे, तेही सांगा

संपादक महोदय,

उपनगरातल्या एका संगीत कार्यक्रमात निवेदकाने 'आय विल ऑल्वेज लव्ह यू' हे 'व्हिटनी ह्यूस्टनचे गाणे' म्हणून सांगितले. गायिका छान गायली, पण डॉली पार्टनचे नावही कोणी घेतले नाही, याचे वाईट वाटले.

हे गाणे डॉलीने लिहिले, चाल तिचीच, आणि १९७४ मध्ये ते तिच्याच आवाजात प्रथम प्रसिद्ध झाले. तिचा सहगायक पोर्टर वॅगनर याच्यापासून व्यावसायिकदृष्ट्या वेगळे होताना लिहिलेला तो निरोप. तिचे गाणे साधे, कंट्री म्हणजे अमेरिकी ग्रामीण संगीताच्या ढंगाचे. एक कडवे तर ती गात नाही, नुसते बोलते. १९९२ मध्ये व्हिटनीने सुरुवात वाद्यांशिवाय केली आणि शेवटी आवाज असा चढवला की तेच शब्द आर्त हाकेसारखे वाटू लागले. अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या बिलबोर्ड यादीत ते सलग १४ आठवडे अव्वल होते. दोन्ही एकापाठोपाठ ऐकून पाहावीत, मला तर डॉलीचे अधिक भिडते.

एल्व्हिस प्रेस्लीलाही हे गाणे गायचे होते. पण त्याच्या व्यवस्थापकाने प्रकाशनाचे निम्मे हक्क मागितले आणि डॉलीने नकार दिला. गाण्यावरचा हक्क तिने असा जपला, आणि आपल्याकडे तिचे नावसुद्धा गळते!

आपला कॉपीराइट कायदाही जुने गाणे नव्याने ध्वनिमुद्रित करणाऱ्याला ते 'कव्हर व्हर्जन' असल्याचे वेष्टनावर छापायला लावतो. मुंबईतल्या आयोजकांनी निवेदनात गीतकार, संगीतकार आणि मूळ गायकाचे नाव घ्यावे. त्याला दहा सेकंदही लागत नाहीत.

– एक संगीतप्रेमी, गोरेगाव, मुंबई