शकुंतलेच्या ओसाड स्टेशनावरून मंत्रिमहोदयांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

परवा तुमच्या कचेरीचं उत्तर आलं. शकुंतला, म्हणजे आमची यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही छोटी रेल्वेगाडी, पुन्हा सुरू करा म्हणणाऱ्या माझ्या तिसऱ्या पत्राला एकच ओळ : ‘विषय विचाराधीन आहे.’ तो कागद खिशात घालून मी कारंजा-दारव्ह्याच्या मधल्या आमच्या स्टेशनावर जाऊन बसलो. छपराची कौलं गेली आहेत. तिकीटखिडकीच्या गजांतून बाभळीची फांदी बाहेर आली आहे. गवत बाजूला सारलं की रूळ दिसतात, मध्ये जेमतेम अडीच फूट अंतर.

ही लाइन वऱ्हाडच्या कापसासाठी टाकली. गाठी मूर्तिजापूरला मोठ्या लाइनीवर, तिथून मुंबई, पुढे मँचेस्टर. मूर्तिजापूरहून यवतमाळकडे ११३ किलोमीटर, अचलपूरकडे ७६. इंजिनही मँचेस्टरचंच, १९२१ सालचं. ते १९९४ च्या एप्रिलपर्यंत राबलं. देश स्वतंत्र झाला तरी मार्गाची मालकी इंग्रजांच्या काळातल्या किलिक निक्सन कंपनीकडेच राहिली. कापूस न्यायचा होता तेव्हा रूळ पडले. माणसं न्यायची वेळ आली आणि तुमचा विचारच संपेना!

गाडी बंद झाल्यावर मायला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी यवतमाळला नेलं ते काळी-पिवळीतून, चौदा माणसांत कोंबून. पट्टी बांधलेला डोळा तळहाताने झाकून ती परत आली. शकुंतला रखडत जायची, पण बाकावर आडवं होता यायचं. ‘गाडी कधी सुरू होते रे?’ हे ती जाईपर्यंत विचारत होती. मी काय सांगणार होतो?

२०१६ मध्ये हीच लाइन ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांची, करण्याची घोषणा झाली, १,५०० कोटींचा आकडा पेपरात आला. मोजणीवाले आमच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, खुंटी ठोकून गेले. वखर फिरवताना ती खुंटी मी आजही जपतो. तेवढ्यात ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग कारंज्याजवळून निघून गेला. त्याला जमीन मिळाली, पैसा मिळाला. त्याच्या कडेला उभं राहून एसटीला हात दाखवता येत नाही, साहेब. ज्याच्याकडे गाडी आहे त्याच्यासाठी सरकार धावतं. कास्तकाराने अर्ज लिहीत म्हातारं व्हायचं. पक्ष कुठलाही असो, आम्ही हेच पाहिलं.

काम कोणत्या महिन्यात सुरू होणार ते लेखी कळवा. तोवर स्टेशनाचा एक दगडही भंगारात जाऊ देऊ नका. आणि होणारच नसेल, तर माणूस पाठवून आमच्या धुऱ्यावरची खुंटी काढून न्या.

आपला,
एक कास्तकार