रेडिओच्या बातमीत गावाचा आवाज हवा

महोदय,

रेडिओवरची बातमी मागे जाऊन पुन्हा वाचता येत नाही, म्हणून काय घडले आणि त्याचा आपल्याशी संबंध काय, हे श्रोत्याला पहिल्याच वाक्यात कळले पाहिजे. गोव्यातील वाळवंटी नदीचे पाणी वाढते तेव्हा तिच्या काठच्या साखळीकरांना दिल्लीतील बैठकीच्या आधी ती बातमी हवी असते. गेल्या पावसाळ्यात एका बातमीपत्रात मात्र ती शेवटी, घाईघाईने उरकली गेली. फेरीबोट बंद असेल, तर धक्क्यावर अडकलेल्या प्रवाशाचे दोन शब्द आणि त्यामागचा पावसाचा आवाज पुष्कळ सांगून जातो. मात्र हा पाऊस त्या धक्क्यावरचाच असावा, स्टुडिओत मागाहून भरलेला मुळीच नसावा. निवेदकाने ‘१,९८७’ऐवजी ‘सुमारे दोन हजार’ म्हणावे आणि गावाच्या नावापूर्वी क्षणभर थांबावे, म्हणजे स्वयंपाकघरात काम करणाऱ्या श्रोत्याचेही कान टवकारतील.

— एक नियमित श्रोता, डिचोली