आपल्या म्हाताऱ्या कुत्र्याला, बंड्याला, मी माझ्याकडे नेतेय

ती. आई-बाबांना,
सा. न.

फोनवर बंड्याचा विषय काढला की आईचा गळा दाटून येतो आणि बाबा ‘बरं, बघू’ म्हणून फोन तिच्याकडे देतात. म्हणून लिहितेय. रविवारी मी गाडी घेऊन येतेय आणि बंड्याला माझ्याकडे नेतेय. ठरलंय माझं. लगेच रागावू नका, शेवटपर्यंत वाचा.

बाबा, तुम्ही पाठवलेला व्हिडिओ मी इथल्या डॉक्टरांना दाखवला. बंड्या चालताना मागचा डावा पंजा उचलतच नाही, फरशीवरून खरडत नेतो. मागे आले होते तेव्हा तो पंजा मी हातात घेऊन पाहिला होता. मधल्या दोन बोटांची नखं वरच्या बाजूने पार सपाट झाली आहेत आणि पुढच्या पायांची मात्र वाढलेली. डॉक्टर म्हणाल्या, नुसता संधिवात असला तर कुत्रा पाय जपून टाकतो, आखूड पावलं टाकतो, सकाळी उठताना आखडतो. पंजा असा खरडत जाणं किंवा उलटा पडणं म्हणजे पाय नेमका कुठे आहे हे मेंदूला नीट कळत नाहीये. त्यामुळे पाठीचा कणा तपासायला हवा. तुम्ही काढून आणलेल्या एक्स-रेमध्ये ‘वयाच्या मानाने ठीक’ आलं ते खोटं नाही. पण एक्स-रेत हाडं दिसतात, कण्याच्या आतून जाणारा मज्जारज्जू दिसत नाही. मणक्यांमधली चकती सरकून नस दाबली गेली असेल, कमरेच्या शेवटच्या मणक्यापाशी जागा अरुंद झाली असेल किंवा गाठ असेल, तर ते एमआरआयमध्येच नीट कळतं. म्हाताऱ्या कुत्र्यांमध्ये मज्जारज्जू हळूहळू निकामी होत जाण्याचा एक आजार असतो, पण तो सहसा दुखत नाही. आपला बंड्या तर कमरेवर हात ठेवला की मान वळवून बघतो आणि रात्री धापा टाकत जागा बदलत राहतो. म्हणजे दुखतंय, नक्की दुखतंय. कदाचित दोन गोष्टी एकदम असतील. 13 वर्षांच्या कुत्र्यात तसंही असतं.

आधी रक्त तपासायचं, मूत्रपिंड आणि यकृत बघायचं, थायरॉइड आणि गोचिडांमुळे होणारे आजार नाहीत ना याची खात्री करायची. मग मज्जासंस्थेची तपासणी. एमआरआयसाठी पूर्ण भूल द्यावी लागते, म्हणून तो करायचा की नाही हे त्यानंतर बघू. आजाराचं नाव सापडलं नाही तरी दुखणं कमी करता येतं, हे डॉक्टरांनी मला दोनदा सांगितलं आणि मी तुम्हाला तेच सांगतेय. निदानासाठी त्याच्या वेदना थांबवून ठेवायच्या नाहीत.

आता खरं कारण. बाबा, तुम्ही त्या 30 किलोच्या प्राण्याला दिवसातून चार वेळा जिना चढवता-उतरवता. आई सांगत नाही, पण तुमची कंबर पुन्हा धरली आहे हे मला तिच्या गप्प बसण्यावरून कळतं. माझा पाय प्लास्टरमध्ये होता तेव्हा तुम्ही मला पाठुंगळी घेऊन शाळेत सोडायचात, आणि ‘जड होतेय का’ विचारलं की म्हणायचात, ‘छे, पिसासारखी आहेस.’ बंड्यालाही तुम्ही तेच सांगत असणार. जिन्यात तुमचा पाय घसरला तर दोघंही पडाल. मला रात्री झोप लागत नाही ती याच विचाराने. माझं घर तळमजल्यावर आहे, एकही पायरी नाही, मी दिवसभर घरातून काम करते. दवाखाना जवळ आहे. मी त्याला तुमच्यापेक्षा जास्त जीव लावते म्हणून नेत नाहीये. तो तुमचाच आहे.

त्याच्या सगळ्या सोयी केल्यात. हॉलभर घसरू नये अशा रबरी चटया अंथरल्या आहेत, त्याच्या पाण्यापर्यंत आणि दारापर्यंतसुद्धा. गादी जाड घेतली आहे, म्हणजे कोपरांना आणि कुल्ल्यांना घट्टे पडणार नाहीत. भांडं थोडं उंचावर ठेवलंय. मागून उचलायला मूठ असलेला पट्टाही आणलाय. फिरायला थोडं थोडं, पण जास्त वेळा नेईन. अजिबात न चालवता ठेवलं तर मांड्यांचे स्नायू आणखी उतरतात. आई, तुझं ते जुनं निळं पांघरूण मात्र दे. न धुता. तुझ्या वासाशिवाय तो पहिल्या रात्री झोपायचा नाही. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावेन, आणि मागची खोली तुमच्यासाठी रिकामी केली आहे. महिनाभर येऊन राहा, मला खरंच आवडेल.

आई, परवा तू काहीतरी विचारता विचारता थांबलीस. कळलं मला. ते आत्ता ठरवायचं नाहीये. तो आवडीने खातोय का, तुम्हाला बघून शेपूट हलवतोय का, गोळ्यांनी शांत झोपतोय का, हे बघत राहायचं. कधी दिवस फिरलेच, तर तुम्ही दोघं त्याच्याजवळ असाल. तुम्हाला न विचारता मी काहीही करणार नाही.

आता रविवारपर्यंत माझं ऐका. बाबा, तुमच्या कंबरदुखीची गोळी त्याला अर्धीसुद्धा देऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल, काहीच नको; माणसाच्या या गोळ्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं, यकृत, पोट, काहीही बिघडू शकतं. डॉक्टरांनी त्याला दिलेली दुखण्याची गोळी खाण्यासोबतच द्या. उलटी झाली, शी काळी झाली किंवा त्याने खाणं सोडलं तर ती थांबवून लगेच डॉक्टरांना फोन करा. कोणी ‘स्टेरॉइडने माझा कुत्रा उठून पळाला’ असं सांगितलं तर ऐकून सोडून द्या, ते या गोळीच्या जोडीला चालत नाही. आई, स्वयंपाकघराच्या फरशीवर सतरंजी टाक आणि कडा नीट दाबून घे, तुझाच पाय अडकायचा. उठवताना मोठा टॉवेल पोटाखालून, मागच्या पायांच्या पुढे घालून, दोघांनी मिळून वर धरा. जिना एकट्याने अजिबात नाही. शेजारच्या मुलाला हाक मारा, तो आनंदाने येतो.

आणि हे नीट लक्षात ठेवा: एकदम उभंच राहता आलं नाही, लघवी अडली किंवा नकळत व्हायला लागली, मागचे पंजे गार पडले किंवा वेदनेने ओरडायला लागला, तर रविवारची वाट बघायची नाही. रात्र असली तरी दवाखान्यात न्या आणि मला फोन करा. ‘तिला कशाला उठवायचं’ हा विचार नको.

रविवारी सकाळी गोळीपुरतंच खायला घाला, पोटभर नको, त्याला गाडी लागते. एक्स-रे, रक्ताचे जुने रिपोर्ट, लसींचं पुस्तक आणि उरलेल्या गोळ्या एका पिशवीत भरून दाराशी ठेवा. आई, माझ्यासाठी जेवायला काही करत बसू नकोस. बाबा, त्याला खाली मी उतरवणार, तुम्ही फक्त पुढे चालून त्याला हाक मारायची. आणि तुमच्या कंबरेचे कागदही त्याच पिशवीत टाका, तेही मला बघायचेत.

तुमची,
मनू