फातोर्ड्याच्या प्रेक्षकांवर ठपका कशासाठी?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेच्या 2022 च्या केरळ विरुद्ध हैदराबाद या अंतिम सामन्यावरचे आपल्या कालच्या अंकातील स्फुट वाचले आणि मनस्वी संताप आला, हे आधीच नमूद करतो. रविवारी मडगावच्या फातोर्ड्याचे मैदान केरळहून आलेल्या प्रेक्षकांनी पिवळे करून टाकले, गोवेकर मात्र स्वतःच्या मैदानावर परक्यासारखे कोपऱ्यात बसून राहिले, महासाथीच्या दोन वर्षांत आमची निष्ठा विरून गेली आणि आमची मुले मुंबईच्या निळ्या जर्सी घालून हिंडू लागली, असा त्या स्फुटाचा एकंदर सूर आहे. केरळच्या लोकांचे आपण कौतुक केले, ते योग्यच केले. मिळेल त्या वाहनाने ते आले, आणि दुर्दैवाने त्यांच्यापैकी दोघांचा वाटेत अपघातात जीवही गेला. परंतु त्यांची थोरवी सांगण्यासाठी आम्हाला हिणवण्याची काहीच गरज नव्हती.

मी रविवारी मैदानात होतो. ‘या सामन्यात गोव्याचे काहीच पणाला लागले नव्हते’ हे आपले वाक्य मला सर्वांत जास्त खटकले, कारण तो सामना गोव्याच्या दोन खेळाडूंनी फिरवला. राहुल के. पी.ने 68व्या मिनिटाला केरळला आघाडी मिळवून दिली होती आणि सामना केरळच्या खिशात गेल्यात जमा होता. 88व्या मिनिटाला साहिल तावोराने पेनल्टी क्षेत्राबाहेरून, चेंडू हवेत असतानाच फटका मारून हैदराबादला बरोबरी साधून दिली. हा साहिल गोव्याचा आहे. त्यानंतर पेनल्टी शूटआउटमध्ये हैदराबादच्या गोलरक्षकाने केरळच्या तीन पेनल्टी अडवल्या आणि हैदराबाद 3-1 ने जिंकले. तो गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमनी, हे नाव आपल्या स्फुटात एकदाही आलेले नाही.

गोव्यातून निघणाऱ्या वृत्तपत्राला कट्टीमनीचा विसर पडावा, याचे मला अतिशय वाईट वाटते. 20 डिसेंबर 2015 रोजी याच मैदानावर अंतिम सामन्यात आमचा संघ एफसी गोवा चेन्नईच्या चेन्नईयिन संघाविरुद्ध 2-1 ने पुढे होता, सामना संपायला दोन-तीन मिनिटे उरली होती आणि विजेतेपद जवळजवळ हातात आले होते. नेमका तेव्हा चेंडू त्या वेळी गोव्याचा गोलरक्षक असलेल्या कट्टीमनीच्या अंगावरून आपल्याच जाळ्यात गेला आणि पाठोपाठ भरपाई वेळेत चेन्नईयिनच्या मेंडोझाने तिसरा गोल केला. त्या रात्री जिना उतरताना त्या मुलाबद्दल लोक जे बोलत होते, ते मला छापण्यासारखे वाटत नाही. पुढे कित्येक महिने मडगावच्या बाजारात, बसमध्ये, फेस्ताच्या फेरीत त्याच्या नावाने बोटे मोडली जात होती. त्याच मैदानावर, अंगात दुसऱ्या शहराची जर्सी घालून तो रविवारी उभा राहिला. त्याने तिसरी पेनल्टी अडवली तेव्हा आमच्या रांगेतले एक वयस्क गृहस्थ खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले आणि ‘आमचो भुरगो, आमचो भुरगो’ (आमचा पोरगा) असे आवाज बसेपर्यंत ओरडत राहिले. त्यांच्या अंगात एफसी गोवाची जुनी, धुऊन धुऊन विटलेली केशरी जर्सी होती. त्यांनी रविवारी हैदराबादच्या बाजूने आवाज दिला, म्हणून आपण त्यांचीही गणना निष्ठा बदलणाऱ्यांत करणार आहात काय? माझ्या मते त्या संध्याकाळी मैदानात त्यांच्याइतका निष्ठावंत प्रेक्षक दुसरा नव्हता.

आता महासाथीविषयी. 7 मार्च 2020 रोजी उपांत्य फेरीच्या परतीच्या सामन्यात गोव्याने चेन्नईयिनला 4-2 असे हरवले आणि तरीही दोन्ही सामन्यांच्या एकत्रित गोलसंख्येवर आपण 5-6 असे बाहेर पडलो. प्रेक्षकांच्या उपस्थितीत गोव्याने घरच्या मैदानावर खेळलेला तो महासाथीपूर्वीचा शेवटचा सामना ठरला. आठवड्याभरात, 14 मार्चला, अंतिम सामना त्याच फातोर्ड्यात रिकाम्या खुर्च्यांपुढे झाला. त्यानंतर अख्ख्या देशाची स्पर्धा आमच्या दारात आली आणि फातोर्डा, वास्कोचे टिळक मैदान आणि बांबोळीचे मैदान येथे लागोपाठ दोन मोसम सगळे सामने झाले. आम्हाला मात्र फाटकाच्या आत पाऊल टाकता आले नाही. दिवे लागलेले दिसत, दूरचित्रवाणीवर ध्वनिमुद्रित केलेला प्रेक्षकांचा कोलाहल ऐकू येई आणि मैदानाच्या कडेला लावलेल्या पडद्यावर घरोघरी बसलेल्या चाहत्यांचे चेहरे दाखवले जात. एप्रिल 2021 मध्ये एफसी गोवा आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळणारा पहिला भारतीय संघ ठरला आणि एदू बेदियाने इराणच्या पर्सेपोलिससारख्या बलाढ्य संघाविरुद्ध या स्पर्धेच्या गटसाखळीतील भारतीय संघाचा पहिला गोल केला, तोही आमच्याच फातोर्ड्यात, आणि तो आम्ही घरात बसून पाहिला. कोणी तक्रार केली नाही. बांबोळीचे मैदान गोवा वैद्यकीय महाविद्यालयाला लागून आहे. दुसऱ्या लाटेत त्या इस्पितळात काय चालले होते, हे गोव्यातल्या प्रत्येक घराला ठाऊक होते आणि म्हणूनच सगळ्यांनी निमूटपणे दार बंद ठेवले. दोन वर्षे शिस्त पाळून घरात बसलेल्या माणसांना दार उघडल्यावर पहिल्याच रविवारी ‘तुमची ओढ आटली’ असे ऐकवणे अन्यायाचे आहे.

निळ्या जर्सीचा मुद्दा आपण काढलात, तेव्हा माझ्या भाच्याविषयी लिहिणे भाग आहे, कारण आपण ज्या मुलांना नावे ठेवलीत त्यांत तो आहे. 7 मार्चचा तो सामना हा त्याने मैदानात पाहिलेला पहिला सामना होता. त्याने मुर्तदा फॉलला दोन गोल करताना डोळ्यांनी पाहिले आणि त्या दिवसापासून फॉल हाच त्याचा खेळाडू झाला. पुढच्या मोसमात फॉल, जाहू, बूमूस आणि मंदार राव देसाई हे सगळे गोव्याचे खेळाडू आमचे जुने प्रशिक्षक लोबेरा यांच्या पाठोपाठ मुंबईच्या संघात गेले. मैदानावर जाण्याची सोय नसलेल्या, घराच्या चार भिंतींत अडकलेल्या त्या मुलाला फुटबॉल दिसत होता तो केवळ पडद्यावर, आणि त्या पडद्यावर त्याची माणसे निळ्या कपड्यांत धावत होती. तो त्यांच्यामागे गेला. 8 मार्च 2021 रोजी बांबोळीला मुंबईने आपल्याला पेनल्टींवर 6-5 असे हरवले, तेव्हा निर्णायक पेनल्टी मारणारा रॉलिन बोर्जिससुद्धा गोव्याचाच होता. त्या रात्री कोणासाठी टाळी वाजवायची हे त्या पोराला कळेना आणि तो जेवण टाकून उठला. मैदानात आजूबाजूला दहा हजार माणसे केशरी कपड्यांत उभी असती, तर तो कोणाचा हा प्रश्न त्याला पडलाच नसता. संघाची ओढ शेजारी बसलेल्या माणसाकडून लागते, आणि ते शेजारी बसणेच दोन वर्षे बंद होते.

निष्ठेचा हिशेबच मांडायचा असेल, तर तो प्रेक्षकांपासून का सुरू करावा? डिसेंबर 2021 मध्ये भर मोसमात प्रशिक्षक हुआन फेरांदो गोवा सोडून कोलकात्याच्या संघाकडे गेले आणि सगळ्यांनी त्याला व्यवसाय म्हटले. एफसी गोवाला ड्युरँड चषक जिंकून देऊन तेव्हा जेमतेम दोन-अडीच महिने झाले होते. त्याच्याही आधी, 2016 मध्ये, साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो या गोव्याच्या जुन्या संघांनी आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेतून अंग काढून घेतले. धेंपोने पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले होते आणि माझ्यासारख्या असंख्य लोकांचे तारुण्य त्या संघाच्या मागे गेले. फुटबॉल महासंघाच्या धोरणाविरुद्धचा त्यांचा आक्षेप मला आजही रास्त वाटतो. तरीही राष्ट्रीय स्पर्धेत कोणाच्या मागे उभे राहावे, हा प्रश्न आमच्यापुढे टाकून ते गेले. आम्ही एफसी गोवाच्या मागे उभे राहिलो. आम्ही संघ बदलला नव्हता, संघच आमच्या हातून काढून घेतला गेला होता, आणि हे आपल्या स्फुटलेखकाला ठाऊक नसेल असे मी मानत नाही.

शेवटी एक स्वतंत्र तक्रार आहे, पण ती या विषयापासून फार दूर नाही. 27 मार्च 2021 रोजी गोव्याच्याच चर्चिल ब्रदर्सचे आय-लीगचे विजेतेपद केरळच्या गोकुलमशी समान 29 गुण असूनही केवळ आपसांतील सामन्यांच्या निकालावर हुकले. आपल्या अंकात दुसऱ्या दिवशी ही बातमी आतल्या पानावर, तळाला, चार ओळींत होती आणि वरचे अर्धे पान युरोपातल्या एका संघाच्या प्रशिक्षकाच्या राजीनाम्याच्या चर्चेला दिलेले होते. गोवा प्रोफेशनल लीग या इथल्या फुटबॉल स्पर्धेचे सामने कोणत्या मैदानावर, किती वाजता आहेत, हे आपल्या क्रीडा पानावरून कळत नाही. ते एखाद्या खेळाडूच्या वडिलांना विचारावे लागते. आता मैदाने उघडली आहेत आणि तिथे जायला आम्ही तयार आहोत. त्या लीगचे आठवड्याचे वेळापत्रक दर शनिवारी क्रीडा पानावर छापावे, अशी माझी आपल्याला स्पष्ट विनंती आहे. कट्टीमनीवर एक स्वतंत्र लेखही यावा, आणि तो सामना मैदानात बसून पाहिलेल्या माणसाकडून लिहवून घ्यावा.

कळावे,
आपला नियमित वाचक,
मडगाव