फादर, माझं नसलेलं पाप तुम्ही माझ्याकडून काढून घेतलंत

आदरणीय फादर,

हे पत्र उघडपणे लिहिते आहे, कारण ही गोष्ट तुमच्या तोंडून कोणाला कधीच कळणार नाही. कन्फेशनमध्ये, म्हणजे पापांची कबुली देताना, ऐकलेलं धर्मगुरूने कुठल्याही कारणासाठी फोडायचं नसतं. कॅनन लॉच्या, म्हणजे चर्चच्या कायद्याच्या, ९८३व्या कलमात तसं स्पष्ट म्हटलं आहे. पापनिवेदन करणाऱ्या माणसापाशीसुद्धा तो विषय त्याच्या परवानगीवाचून काढता येत नाही. म्हणून तर माझ्या कन्फेशननंतरच्या रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर भेटलात तेव्हा तुम्ही फक्त आईची तब्येत विचारलीत. पण हे बंधन तुमच्यावर आहे, माझ्यावर नाही. तुम्ही केलंत ते मला सांगता येतं, आणि ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

आमचं घर बाहेरून वसईतल्या कुठल्याही भाविक घरासारखं होतं. संध्याकाळी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, व्हायची. पप्पा गुडघ्यांवर बसून सांगायचे, त्यांचा आवाज खणखणीत होता. रात्री दारू, आणि मग आईवर हात. शेजारी सगळं ऐकू जायचं आणि सकाळी कोणीच काही ऐकलेलं नसायचं. हे माझ्यामुळे होतं, असं मी फार लहानपणीच धरून चालले होते. मी मोठ्याने हसले, ताटात भात टाकला, परीक्षेत मार्क कमी पडले, म्हणून पप्पा चिडले. ईस्टरआधी कुमसार, म्हणजे कन्फेशन, झालंच पाहिजे, म्हणून आजी हात धरून रांगेत उभी करायची. मी आत जाऊन दर वेळी तेच सांगायचे: माझ्यामुळे घरात भांडणं होतात. प्रायश्चित्त म्हणून मिळालेल्या प्रार्थना म्हणायचे आणि तेच ओझं घेऊन घरी यायचे. मोठी झाले, नोकरीला लागले, पप्पा वारले, तरी ते उतरलं नाही.

ईस्टरआधीच्या त्या पवित्र आठवड्यातही मी तेच सांगायला बसले होते. तुम्ही मला मध्येच थांबवलंत. म्हणालात, "बाळ, हे पाप नाही. ही तुला झालेली जखम आहे. हिची क्षमा मी देऊ शकत नाही, कारण यात तुझा काही अपराधच नाही." फादर, इतकी वर्षं चर्चमध्ये जाऊन हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. मला वाटलं होतं, माझी क्षमा नाकारली गेली तर मी कोसळेन. उलट पाठीचा कणा सरळ झाला.

आणि तुम्ही तिथेच थांबला नाहीत, याचे आभार मला वेगळे मानायचे आहेत. "मग यात तुझं स्वतःचं काय आहे?" असं विचारलंत. तेव्हा जे बाहेर आलं ते मी स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं. आईने ते घर सोडलं नाही, याचा राग मी तिच्यावर काढत होते. तिच्याशी तुटक वागत होते. ज्याने मारलं त्याला घाबरले आणि जिने मार खाल्ला तिला शिक्षा दिली. ते मात्र माझं होतं. त्याची क्षमा तुम्ही दिलीत, पूर्ण, हातचं काही न राखता.

प्रायश्चित्त म्हणून बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय सावकाश वाचायला सांगितलात. ईस्टरनंतरच्या रविवारी दर वर्षी त्यातलंच वाचन असतं, तरी मी ते नीट ऐकलंच नव्हतं. भेदरलेले शिष्य दारं लावून बसलेले. येशू मध्ये येऊन उभा राहतो, 'तुम्हांस शांती असो' म्हणतो आणि लगेच हातांवरच्या आणि कुशीतल्या जखमा दाखवतो. त्यानंतर, त्याच संध्याकाळी, पापांची क्षमा करण्याचा अधिकार तो त्यांना देतो. म्हणजे कन्फेशनचा संस्कार ज्या खोलीत सुरू झाला, तिथे जखमा आधी दाखवल्या गेल्या. त्या संध्याकाळी तिथे नसलेला शिष्य थोमा आठ दिवसांनी येतो तेव्हाही खिळ्यांचे व्रण तसेच आहेत. मृत्यूवर विजय मिळवलेल्या देहावरूनही ते पुसले गेले नाहीत. मग मीच माझे लपवून का ठेवू? हा अध्याय मी पुन्हा पुन्हा वाचते.

कन्फेशन म्हणजे समुपदेशन नव्हे, हेही तुम्हीच बजावलंत आणि समुपदेशकाकडे जा म्हणालात. फादर ज्यो परेरा यांनी १९८१ मध्ये सुरू केलेल्या, व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या कृपा फाउंडेशनमुळे दारू हा आजार आहे आणि त्यावर उपचार होतात, हे आमच्याकडे अनेकांना ठाऊक झालं. पण पिणाऱ्याच्या बायकामुलांनाही उपचार लागतात, हे आमच्या घरात कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. समुपदेशकाने मला अल-अनॉनच्या गटात पाठवलं. १९५१ मध्ये अमेरिकेत सुरू झालेले हे गट अशाच घरांतल्या माणसांसाठी असतात. तिथे सुरुवातीलाच कळलं: त्याची दारू तुझ्यामुळे आली नाही, तुला ती आवरता येणार नाही आणि तुला ती बरीही करता येणार नाही. कन्फेशनच्या जाळीपलीकडून तुम्ही सांगितलेलंच ते होतं.

पप्पांना माफ कर, असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. बाकी सगळे म्हणत होते. मयताच्या दिवसापासून म्हणत होते, गेलेल्या माणसाबद्दल मनात काही ठेवू नये. ते सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असेल, पण जखम उघडून न पाहता क्षमेची घाई करायला लावणं हा मार खाल्लेल्या माणसावर आणखी एक अन्याय आहे, आणि आपल्या प्रार्थनासभांमधून तो फार सहज केला जातो. तुम्ही मला वेळ दिलात. आधी मी आईपाशी गेले, तिची क्षमा मागितली. पप्पांपर्यंत पोचायला त्यानंतरही बराच काळ गेला.

येत्या २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, चर्चमध्ये होणाऱ्या मिस्सासाठी (प्रार्थनाविधीसाठी) पप्पांचं नाव मी लिहून देणार आहे. आजवर ते आईच द्यायची. तुमच्या नव्या धर्मग्रामातून (पॅरिशमधून) त्या दिवशी निघता आलं, तर मिस्सानंतर आमच्याकडे जेवायला या. आईने मला दोनदा विचारलं आहे, फादरना कळवलंस का. कळवते आहे.

तुमची,
धर्मग्रामातली एक मुलगी